खेकड्याचं बिऱ्हाड

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्याकडे म्हण आहे. विंचवाची मादी पाठीवर वाहते ती खरं तर पिल्लं. घर पाठीवर घेऊन हिंडणारा प्राणी दुसराच आहे आणि तो गेल्या जूनपासून देवळाली प्रवऱ्यात, आमच्या घरी, पुस्तकांच्या कपाटाशेजारी मुक्कामाला आहे. इंग्रजीत त्याला हर्मिट क्रॅब म्हणतात. मराठीत कुणी साधू खेकडा म्हणतं, कुणी संन्यासी खेकडा. घरासाठी इतका जीव टाकणाऱ्या प्राण्याला संन्यासी हे नाव कुणी दिलं असेल, याचं मला हसू येतं. आमच्या घरात त्याचं नाव लाडू आहे.

आमचं गाव समुद्रापासून लांब. इथं पाणी म्हणजे प्रवरेचं, भंडारदऱ्याहून पाटानं येणारं. इथला खेकडा म्हणजे उसाच्या बांधातला, चारीच्या कडेला बीळ करणारा काळा खेकडा. पावसाळ्यात पोरं तो धरतात, शेजारीपाजारी त्याचा रस्सा करतात. आमच्या घरात खेकडा खात नाहीत, त्यामुळे मी तो कधी नीट पाहिलाही नव्हता. कवितेत मात्र दोनदा घातला होता. कवींचं असंच असतं.

माझी नात नऊ वर्षांची. ती मुंबईत वाढली. तिचे आईवडील राहत होते ती चाळ पुनर्विकासाला गेली आणि भाड्याची खोली शोधण्याची पायपीट सुरू झाली. दोन ठिकाणी बोलणी जवळजवळ पक्की झाली होती, पण पूर्ण नाव सांगितल्यावर ती खोली अचानक दुसऱ्या कुणालातरी दिलेली निघाली. त्याबद्दल आज मी जास्त बोलणार नाही. तात्पुरती सोय म्हणून मुलगी आणि जावई एका नातेवाइकांकडे राहिले आणि नातीला एका वर्षासाठी आमच्याकडे, इथल्या शाळेत घातलं. निघताना तिनं काहीतरी मागितलं आणि अपराधी वाटणाऱ्या आईबापांनी ते लगेच घेऊन दिलं. एसटीतून उतरली तेव्हा तिच्या मांडीवर मुठीएवढ्या झाकणाची प्लॅस्टिकची डबी होती. डबीत निळे-गुलाबी खडे, एक ओला स्पंज आणि दोन शंख. एकावर काळा-पिवळा रंग मारलेला. त्याचं नाव रिक्षा. दुसरा तपकिरी, गोल. तो लाडू.

"नाना, हे पाळीव आहेत. फार्ममधले आहेत, दुकानदार म्हणाला. आठवड्यातून एकदा स्पंज ओला करायचा, बस."

या वाक्यातलं एकही विधान खरं नव्हतं. पण ते कळायला मला महिना लागला आणि त्या महिन्याची किंमत मी भरली नाही, रिक्षानं भरली.

आधी हा प्राणी काय आहे ते सांगतो. याच्या शरीराचा पुढचा भाग खेकड्यासारखा, कवच असलेला. मागचा भाग मऊ, बोटाच्या पेरासारखा, एका बाजूला वळलेला. देवानं अर्धंच चिलखत दिलंय म्हणा ना. उरलेलं अंग झाकायला तो मेलेल्या गोगलगायीचा रिकामा शंख शोधतो, त्यात शेपटाकडून शिरतो आणि शंख आतून घट्ट धरून ठेवतो. धोका वाटला की आत जाऊन डाव्या मोठ्या नांगीनं दार लावून घेतो. शंख स्वतःचा नाही, त्यामुळे तो याच्याबरोबर वाढत नाही. अंग वाढलं की नवं घर बघावं लागतं.

यांच्यात दोन बिरादऱ्या आहेत आणि लोक इथंच फसतात. एक समुद्रात राहणारी. मुंबईत हाजी अलीला, गिरगावला ओहोटीच्या वेळी खडकांतल्या डबक्यांत हे दिसतात. २०१७ पासून मरिन लाइफ ऑफ मुंबई या उपक्रमातली मंडळी लोकांना तिथं नेऊन दाखवतात. कोकणातल्या किनाऱ्यांवरही डबक्यांत असे शंख चालताना दिसतात. सहलीला गेलेली माणसं ते बाटलीत भरून आणतात आणि घाट चढेपर्यंत बाटलीतलं पाणी तापून तो जीव गेलेला असतो. कृपा करून हे करू नका. दुसरी बिरादरी जमिनीवर राहणारी. अंदमान-निकोबारमध्ये, लक्षद्वीपमध्ये ती भरपूर आहे. यांचे डोळ्यांचे दांडे चपटे असतात, मिशा कोपरातून वाकवल्यासारख्या. पाळायला विकतात ते हे. यांना पाण्यात बुडवून ठेवलं तर हे मरतात, कारण हे हवेत श्वास घेतात. पण श्वास घेतात कल्ल्यांनीच, आणि कल्ले ओले राहिले तरच. म्हणजे त्यांना हवा हवी, पण दमट हवा. मुंबईच्या पावसाळ्यातली, भिंतींना बुरशी आणणारी.

आणि आमचं गाव! मे महिन्यात आमच्याकडे दोरीवर टाकलेला ओला टॉवेल शेवटचा चिमटा लावेपर्यंत अर्धा वाळलेला असतो.

पहिले आठ दिवस मी दुकानदाराचं ऐकलं. दोघं डबीत होते. लाडू कोपऱ्यात दार लावून बसायचा. रिक्षा रात्रभर डबीच्या भिंतीवर नख्या घासायचा. मला वाटलं, खेळतोय. मग प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एका मित्राला फोन केला. तो आधी हसला, मग गंभीर झाला. म्हणाला, "तो खेळत नाही, बाहेर पडायला बघतोय. कोरड्या हवेत त्याचा जीव सावकाश गुदमरतो, आठवडेच्या आठवडे. लोकांना वाटतं, हे प्राणी दोन-तीन महिनेच जगतात. अरे, मोकळे असले तर तीस वर्षं जगतात."

तीस वर्षं हे ऐकून आमची बेगम म्हणाली, "म्हणजे हा आपल्यालाही पोचवणार."

मग तयारी सुरू झाली. एका ओळखीच्यांकडे पडून असलेली, माशांसाठीची काचेची पेटी आणली. वर काचेचं झाकण बसवलं, म्हणजे दमटपणा आत राहतो. तळाला वाळू हवी होती, वीतभर तरी खोल, खेकड्याच्या उंचीच्या तिप्पट. प्रवरेकाठी राहून वाळू कुठून आणायची हा प्रश्न विचारू नये. आमच्या तालुक्यात वाळू हा विषय कवीनं न काढलेला बरा. शेजाऱ्यांचं बांधकाम चालू होतं, त्यांच्याकडून एक घमेलं रीतसर मागून आणली, सात पाण्यांनी धुतली. वाळूच्या पाच भागांत एक भाग नारळाच्या काथ्याचा भुसा मिसळायचा होता. तो शहरात महाग मिळतो म्हणतात. आमच्याकडे राहुरीच्या परिसरात रोपवाटिका भरपूर आहेत, उसाची, भाज्यांची रोपं याच कोकोपीटमध्ये वाढवतात. एकानं पिशवीभर असंच दिलं. मिश्रण किती ओलं करायचं? मुलं वाळूचा किल्ला करतात तेवढं. मुठीत दाबलं की गोळा राहावा, पाणी गळू नये.

दोन वाट्या पाणी लागतं. एक गोडं, एक खारं. हे मला कुणी सांगितलं नसतं तर सुचलं नसतं. हा प्राणी शंखात थोडं पाणी साठवून ठेवतो आणि अंगातल्या गरजेप्रमाणे कधी गोडं भरतो, कधी खारं. खाऱ्यासाठी स्वयंपाकातलं मीठ चालत नाही. मत्स्यालयाच्या दुकानात समुद्री मीठ मिळतं ते घ्यायचं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्याच्या कल्ल्यांना बाधतं, म्हणून आम्ही विहिरीचं पाणी वापरतो. वाटी इतकी खोल हवी की त्याला आत बसता यावं आणि आत चार गोटे, बाहेर चढायला.

कवचासाठी त्याला चुना लागतो. त्यासाठी समुद्रफेण ठेवतात. काष्ठौषधीच्या दुकानात मी समुद्रफेण मागितलं तेव्हा दुकानदारानं विचारलं, "कान फुटलाय का कुणाचा?" मी म्हणालो, "नाही, खेकड्याला द्यायचंय." त्यानं पुढे काही विचारलं नाही, पैसे मात्र मोजून घेतले.

खाणं सोपं आहे. खोबऱ्याचा तुकडा, गाजर, बिनमिठाचे शेंगदाणे, उकडलेलं अंडं, वाळलेली पानं. तिखटमीठ नको. पेटी ठेवली त्या खोलीत मच्छर अगरबत्ती बंद केली, फवारा बंद केला. जुमेरातीला घरभर लोबान फिरतो, तोही त्या दाराशी थांबायला लागला. हा निर्णय बेगमनं स्वतः घेतला. मला तिनं तीस वर्षांत सिगारेटवरून असं बाहेर काढलं होतं, तेही जड मनानं.

नवीन जागेत आणल्यावर पहिलं काम काय, तर काहीही न करणं. हातात घ्यायचं नाही, उचलून पाहुण्यांना दाखवायचं नाही, सारखं झाकण उघडायचं नाही. पकडल्यापासून दुकानापर्यंत आणि दुकानापासून घरापर्यंतच्या प्रवासानं हे प्राणी इतके खचलेले असतात की बरेचसे पहिल्या काही आठवड्यांतच जातात. काहींचे पाय गळतात. अंधार, ओल आणि एकांत, एवढंच त्यांना द्यायचं. नातीनं पेटीवर जुनी ओढणी टाकली आणि वर कागद चिकटवला: "त्रास देऊ नये."

पेटीत सोडल्याच्या तिसऱ्या रात्री रिक्षा वाळूत शिरला.

एक आठवडा गेला. दोन गेले. लाडू रात्री बाहेर येऊन खोबरं कुरतडायचा. रिक्षाचा पत्ता नाही. तिसऱ्या आठवड्यात मला वाटायला लागलं की तो मेला आहे आणि आत कुजतो आहे. नातीनं तो पाहण्याआधी आपण काढून टाकावा, या चांगल्या विचारानं, ती शाळेत असताना, मी चहाच्या चमच्यानं वाळू उकरली.

तो जिवंत होता. खाली त्यानं स्वतःपुरती एक पोकळी केली होती आणि तो कात टाकत होता. कवच वाढत नाही, म्हणून ते सगळं टाकून नवं घडवावं लागतं. त्यासाठी तो जमिनीत जातो, महिना-दोन महिने राहतो, जुनं कवच सोडतो आणि तेच खाऊन नव्याला बळ देतो. तोपर्यंत त्याचं अंग दुधावरच्या सायीसारखं असतं. त्या सायीला माझा चमचा लागला होता.

दोन दिवसांनी तो गेला.

तो पुन्हा पुरून गप्प बसावं असं माझ्या मनात आलं होतं, हे मी इथं कबूल करतो. 'दिसला नाही, आपोआप गेला असेल' एवढंच म्हणायचं. लहान मुलाला कोण सांगतं? पण संध्याकाळी ती शाळेतून आली, दप्तर ठेवलं, पेटीजवळ बसली आणि म्हणाली, "वाळू कुणी हलवली?" मग मी सगळं सांगितलं.

ती रडली नाही. पाच दिवस माझ्याशी बोलली नाही. पाणी हवं असेल तर नानीला सांगायची, "नानांना सांग, बाटली भरून द्या." आईचा फोन आला तेव्हा दुसऱ्या खोलीत जाऊन म्हणाली, "मला इथं नाही राहायचं." ते मला ऐकू आलं. ऐकू यावं म्हणूनच ती म्हणाली होती की काय, मला माहीत नाही.

सहाव्या दिवशी शेजारचे वाटेकरी बांधावरून येताना दारात थांबले. त्यांना सगळी हकिकत कळली होती. गावात काय लपतं! नातीला समोर बसवून ते म्हणाले, "आगं पोरी, आमचा बांधातला खेकडा बी असाच. उन्हाळ्यात वल धरून खाली जातो. कात टाकताना लोण्यावानी होतो. तवा आम्ही त्याला हात बी लावत नाही. बिळात गेलेला खेकडा मेला असं म्हणायचं नस्तं. तुझ्या नानाला कुठलं ठावं, ते कागदावरचं माणूस." मी माझ्या घरात उभा राहून हे ऐकत होतो. नातीनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मग वास आला तर?" ते म्हणाले, "मेलेल्या खेकड्याचा वास विचारावा लागत नाही. अख्खी गल्ली सांगते."

ज्ञान इतकं जवळ होतं, भिंतीपलीकडे, आणि मी मोबाइलवर इंग्रजी शब्दकोश उघडून बसलो होतो.

याच काळात मला दुसरी गोष्ट कळली. 'फार्ममधले' ही शुद्ध थाप आहे. या प्राण्याची मादी अंडी समुद्रात सोडते, पिल्लं समुद्रात पोहत, रूप बदलत वाढतात आणि मग छोटासा शंख शोधून किनाऱ्यावर येतात. हे सगळं काचेच्या पेटीत घडवणं फार थोड्यांना जमलं आहे, तेही हौसेपुरतं, बाजारासाठी नाही. म्हणजे दुकानातला जवळजवळ प्रत्येक जीव कुठल्यातरी किनाऱ्यावरून उचललेला असतो. अनेकदा त्याला स्वतःच्या शंखातून काढून रंगवलेल्या शंखात घालतात. त्या रंगाचे पोपडे तो खातो. जपाननं १९७० सालीच या खेकड्यांना नैसर्गिक वारसा म्हणून संरक्षण दिलं. आपल्याकडे याचा मोठा भाऊबंद, अंदमान-निकोबारचा नारळखेकडा, वन्यजीव संरक्षण कायद्यात आहे. हे लहान भाऊ मात्र डबीत विकले जातात.

किनाऱ्यावर तरी यांचं बरं चाललंय का? २०२४ साली पोलंडच्या संशोधकांनी लोकांनी इंटरनेटवर टाकलेली छायाचित्रं तपासली. त्यांना ३८६ खेकडे शंखाऐवजी मानवनिर्मित वस्तू पाठीवर घेतलेले सापडले. बहुतेक प्लॅस्टिकची बुचं होती. मी ते फोटो पाहिले. बाटलीचं निळं बूच घेऊन चाललेला एक जीव. त्याच्या मागचा मऊ भाग अर्धा उघडाच.

आता लाडू एकटा होता आणि हे प्राणी कळपानं राहणारे. मुलीनं फोनवर विचारलं, "दुसरा पाठवू का? त्याच दुकानात आहेत." खरं सांगतो, मला हो म्हणायचं होतं. रिक्षाची भरपाई झाली असती, नातीचा चेहरा उजळला असता. पण घेतला की दुकानदार त्याच्या जागी आणखी एक मागवणार. न घ्यावा तर लाडू एकटा. आठवडाभर घरात यावर वाद झाला. बेगमचं म्हणणं, जो आहे त्याला सोबत द्या, दुनियेचा हिशेब अल्लाहवर सोडा. नातीनं तोडगा काढला. "कुणाला नको झाला असेल तर आपण आणू. विकत नाही." मुलीनं ओळखीपाळखीत विचारणा केली आणि दिवाळीच्या सुट्टीत पुण्यातल्या एका घरून, पोरांचा उत्साह संपलेला, असा एक खेकडा आला. त्याचं नाव पोस्टमन.

पोस्टमन आला आणि पंधरा दिवसांत लाडू वाळूत गेला. शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर नातीनं रेघा मारायला सुरुवात केली. थंडी पडली. डिसेंबरात आमच्याकडे पहाटे हात आखडतात आणि या प्राण्याला पंचवीस-सव्वीस अंश तरी ऊब लागते. दिवा लावावा तर वीज जाते. पेटीला तीन बाजूंनी गोधडी गुंडाळली, बाहेरून गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या. रात्री दोन वाजता उठून बाटल्या बदलायचं काम माझ्याकडे होतं. ते मला कुणी सांगितलं नव्हतं, पण कुणी दुसरं करायलाही पुढे आलं नव्हतं. एकदा उठलो तर नात आधीच तिथं बसलेली. आम्ही काही बोललो नाही. तिनं बाटलीचं झाकण घट्ट केलं आणि झोपायला गेली.

सत्तेचाळीस रेघा झाल्या. अठ्ठेचाळिसाव्या सकाळी वाळूवर लाडू होता. रंग गडद, नख्या टोकदार, आणि आकार असा की जुना शंख त्याला आखूड झालेला.

मुलीनं मुंबईहून गोल तोंडाचे पाच-सहा शंख पाठवले होते, टर्बो जातीचे. किनाऱ्यावरून उचललेले नव्हेत. तिथले रिकामे शंख तिथल्या खेकड्यांना लागतात. तिच्या शेजाऱ्यांच्या शोकेसमध्ये वर्षानुवर्षं धूळ खात होते ते मागून घेतले. आम्ही ते उकळून, धुवून पेटीत मांडले. महिनाभर लाडूनं ढुंकून पाहिलं नाही. समुद्रकिनाऱ्यावर म्हणे मोठा रिकामा शंख आला की खेकडे त्याच्यापाशी उंचीप्रमाणे रांग लावतात. सर्वांत मोठा नव्या घरात गेला की त्याच्या घरात दुसरा, त्याच्यात तिसरा, अशी सगळी रांग एका दमात घरं बदलते. मी हे वाचून दाखवलं तेव्हा मुलगी फोनवर होती. ती म्हणाली, "अब्बा, त्यांना नाव विचारत नसतील."

फेब्रुवारीतल्या एका रात्री नातीनं मला उठवलं. लाडू एका शंखाभोवती फिरत होता. नांगी आत घालून माप घेतलं, शंख उलटा केला, आतली वाळू झटकली. मग थांबला. पाच मिनिटं नुसता थांबला. आणि एकदम जुन्यातून निघून नव्यात शिरला. त्याचं ते उघडं अंग एखादा क्षण दिसलं असेल, गुलाबीसर, वळलेलं. नंतर तो पुन्हा जुन्या शंखाकडे आला, नांगीनं चाचपला, आणि मग चालू लागला. तासाभरानं जुना शंख पोस्टमननं घेतला.

मी कागद शोधायला लागलो. नात म्हणाली, "नाना, कविता नंतर. खारं पाणी संपलंय."

श्रोतेहो, मुंब्र्याला आता मुलीला घर मिळालं आहे. दोन खोल्या, तिसरा मजला, शाळा जवळ. जूनच्या ९ तारखेचं एसटीचं आरक्षण झालं आहे. पेटीही तिच्याबरोबर जाणार होती. मुंबईची हवा लाडूला आमच्यापेक्षा बरी, हे मलाही पटतं. पण एप्रिलच्या शेवटी लाडू पुन्हा वाळूत गेला आहे, आणि खाली गेलेल्याला हलवायचं नाही हे या घरात आता सगळ्यांना माहीत आहे. नात म्हणते, तो वर आल्याशिवाय मी जाणार नाही. तिची आई म्हणते, शाळा सुरू होते. बेगम म्हणते, दोघी भांडा, मला मध्ये घेऊ नका.

वहीत काल अठरा रेघा होत्या. आज सकाळी मी उठून पाहिलं, तर एकोणिसावी आधीच मारलेली होती.